मिशांची आई

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गात गडबड सुरू होते. गुरुजी चार-पाच हुशार मुले निवडतात. त्यांना नाटकातील वाक्ये पाठ करायला देतात. बाकीची मुले मात्र नुसती बघत बसतात. ज्याला वाक्य आठवत नाही, त्याला बोलणी खावी लागतात. पूर्वी तर छडीही खावी लागत असे. हे असेच चालायचे, असे सगळ्यांना वाटत होते. ज्यांना तसे वाटले नाही, त्यांच्यापैकी एक होते गिजुभाई बधेका.

गिजुभाईंचे खरे नाव गिरिजाशंकर. त्यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. त्यांच्या लहानपणी शाळा म्हणजे भीतीची जागा होती. पाढे, घोकंपट्टी आणि मार, एवढेच मुलांच्या वाट्याला येई. गिजुभाई मोठे झाले, भावनगरच्या कॉलेजात गेले. पण पैशांची गरज होती. म्हणून 1907 मध्ये ते कमाईसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. दोन वर्षांनी परत आल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली.

वकिली बरी चालली होती. तेवढ्यात 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला आणि वकीलसाहेबांना एक नवी चिंता लागली. ज्या शाळेत आपण मार खाल्ला, तशाच शाळेत या मुलाला पाठवायचे का? त्यांनी मुलांच्या शिक्षणावरची पुस्तके वाचायला सुरुवात केली. इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. मूल स्वतःच्या हातांनी काम करत शिकते, त्याला मोकळीक द्यावी आणि मारू नये, असे त्या सांगत. गिजुभाईंना ते पटले. भावनगरला नानाभाई भट्ट यांची दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. 1916 मध्ये गिजुभाई वकिली सोडून त्या संस्थेत दाखल झाले. आधी त्यांनी मोठ्या मुलांना शिकवले. पण खरे काम लहान मुलांपासून सुरू व्हायला हवे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. 1920 च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले.

या बालमंदिरात मॉन्टेसरीबाईंची साधने होती. पण गिजुभाईंनी सगळे जसेच्या तसे उचलले नाही. परी, राक्षस, बोलणारे प्राणी अशा कल्पित गोष्टी अगदी लहान मुलांना सांगू नयेत, असे मॉन्टेसरीबाईंचे मत होते. गिजुभाईंना हे मान्य नव्हते. आपल्याकडची मुले आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढतात. ती गोष्ट शाळेच्या दाराबाहेर का ठेवायची? त्यांनी गावोगावच्या लोककथा जमवल्या, सोप्या भाषेत लिहिल्या आणि मुलांना सांगितल्या. ज्यांच्या विचारांमुळे आपण वकिली सोडली, त्यांच्याशीच एका बाबतीत मतभेद ठेवणे सोपे नसते. मला गिजुभाईंची ही गोष्ट फार आवडते.

गोष्टीतूनच नाटक आले. दला तरवाडीची गोष्ट घ्या. या दलाला वांगी हवी असतात. तो दुसऱ्याच्या मळ्यात शिरतो. मालक तेथे नसतो, म्हणून तो मळ्यालाच विचारतो की, दोन-चार वांगी घेऊ का? मग मळ्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतो की, दोन-चार कशाला, दहा-बारा घे! रोज असे चालते. शेवटी मालक त्याला पकडतो, दोरीने बांधतो आणि विहिरीत सोडतो. याला किती बुचकळ्या देऊ, असे तो विहिरीला विचारतो आणि विहिरीच्या वतीने स्वतःच उत्तर देतो! गिजुभाईंनी लिहिलेली ही गोष्ट गुजरातेत घरोघरी माहीत आहे. आता सांगा, हिचे नाटक करायला काय लागते? एक दला, एक मालक, एक दोरी. वाक्ये पाठ करायची गरजच नाही, कारण गोष्ट मुलांच्या ओठांवर असते. एखादा शब्द विसरला, तर मूल दुसरा शब्द घालते. नाटक थांबत नाही.

गिजुभाईंची रीत हीच होती. आधी गोष्ट रंगवून सांगायची. ती मुलांच्या मनात मुरली की त्यांना करून पाहू द्यायची. काठीचा घोडा होई, ओढणीचा फेटा होई. भारी पोशाख नको, रंगवलेले पडदे नकोत. कोण काय होणार, हे मुलेच ठरवत. लाजाळू मुलालाही झाड किंवा दार होऊन उभे राहता येई आणि पुढच्या वेळी ते बोलूही लागे. गिजुभाई स्वतः मुलांत मिसळून नाचत, गात. त्यांना झुपकेदार मिशा होत्या आणि मन आईचे होते. म्हणून गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मूछाळी मा, म्हणजे मिशांची आई म्हणू लागले.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात, आणि पैलवानांच्या आखाड्यालाही! बालमंदिरात पहिले दोन अर्थ एकच झाले होते.

पण सरकारी शाळेत, साठ-सत्तर वर्षांच्या जुन्या शिस्तीत हे जमेल का? लोक हीच शंका काढत. तिला उत्तर म्हणून गिजुभाईंनी 1932 च्या सुमारास ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक लिहिले. त्यातील शिक्षक काल्पनिक आहे. तो प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी त्याची फजिती होते, कारण मुले त्याचे ऐकतच नाहीत. मग तो गोष्ट सांगतो आणि वर्ग शांत होतो. पुढे मुले गोष्टींची नाटके करू लागतात. इतर शिक्षक हसतात. हा वेळ वाया घालवतो, असे त्यांना वाटते. साहेबांना दाखवण्यासाठी निवडक मुलांकडून पाठांतर करून घ्यायला तो नकार देतो, तेव्हा वरिष्ठांची नाराजी ओढवते. तरी तो मागे हटत नाही. नंतर त्याची मुले आपल्या रीतीने नाटक करतात आणि तेच साहेब खूश होतात.

1936 मध्ये गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती संस्था सोडली. तोपर्यंत मुलांसाठी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी त्यांची लहानमोठी कितीतरी पुस्तके झाली होती. सततच्या श्रमाने शरीर थकले होते. 23 जून 1939 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे 53 वर्षांचे होते.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते जोडले ते ताराबाई मोडक यांनी. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई 1923 मध्ये भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या. 1945 मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच पाड्यावर आणि कुरणात नेली. पाने, फुले, शंख, खडे हीच तेथील शिकण्याची साधने होती. आणि गोष्टी व गाणी भावनगरसारखीच होती.