तमिळांचे आजोबा

माटुंग्याच्या आमच्या जुन्या इमारतीत रविवारची कॉफी तळमजल्यावरच्या मामांकडे होत असे. मामा मूळचे कुंभकोणमचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. कॉफीला नेमाने येणारे दुसरे गृहस्थ मदुराईकडचे, उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला. दोघांनाही पूर्वजांचा भारी नाद. पितळी डबऱ्यातली कॉफी निवत जायची आणि भांडण तापत जायचे.

भांडण नेहमी एकच. मामांचे म्हणणे, चेर राजाने भारतीय युद्धात दोन्ही सैन्यांना भात वाढला होता, तेव्हा आमची मुळे थेट कुरुक्षेत्रापर्यंत जातात. मास्तरांचे म्हणणे, रामायण-महाभारत हा उत्तरेकडून मागाहून आलेला माल. तमिळ माणसाचे मूळ काव्य डोंगराचे, समुद्राचे, प्रेमाचे आणि लढाईचे. गंमत अशी, की दोघेही पुरावा काढायचे तो एकाच पुस्तकातून. पुस्तकाचे नाव ‘पुरनानूरु’. चारशे जुन्या कवितांचा संग्रह.

एकदा मी भीतभीतच विचारले, की हे पुस्तक तुम्हां दोघांच्या हाती दिले कोणी? दोघे क्षणभर थांबले आणि एका दमात एकच नाव बोलले : उ. वे. स्वामिनाथ अय्यर. तमिळ मुलुखात त्यांना ‘तमिळ तात्ता’ म्हणतात, म्हणजे तमिळांचे आजोबा. त्या रविवारी भांडण तिथेच थांबले आणि मी मात्र या आजोबांच्या मागे लागलो.

स्वामिनाथांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५५ चा, कुंभकोणमजवळ आजोळी. वडिलांचे गाव उत्तमदानपुरम. या गावाच्या जन्मकथेत आपण मराठी माणसेही येतो, म्हणून ती सांगतो. तंजावरचे एक मराठा राजे फिरतीवर असताना इथे मुक्कामाला होते. जेवणानंतर त्यांनी सवयीने विडा खाल्ला आणि मग लक्षात आले, की आज एकादशी! प्रायश्चित्त म्हणून शास्त्र्यांनी अग्रहार वसवायला सांगितले. राजांनी घरे बांधली, दोन घरांत एक याप्रमाणे विहिरी खणल्या आणि सारे दान करून टाकले. ते उत्तम दान, म्हणून गाव उत्तमदानपुरम. ही कथा स्वामिनाथांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. एका विड्यापायी एक गाव!

घरची स्थिती मात्र दानावर गुजराण करणाऱ्याची. वडील वेंकटसुब्बय्यर गायक होते. गावोगाव मुक्काम टाकायचा, रामायणाची कथा गाऊन सांगायची, गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर संसार चालवायचा. म्हणजे या मुलाच्या पोटात पहिला घास गेला तो रामकथेच्या कमाईचा. मुलाने संगीत शिकावे ही वडिलांची इच्छा. मुलाला वेड लागले तमिळचे. त्या काळी ब्राह्मण घरात मुलाने शिकायचे ते संस्कृत किंवा तेलुगू, आणि पोटासाठी इंग्रजी. नुसते तमिळ शिकून काय मिळणार, असे नातेवाईक विचारीत. वडिलांनी तरीही हट्ट मानला, गुरू शोधत गावे पालथी घातली आणि मुलाला मायावरमला मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्या स्वाधीन केले.

पिळ्ळै हे त्या काळातले तमिळचे महापंडित. जातीने वेळ्ळाळ, पंथाने शैव, स्वभावाने अबोल, आणि कविता अशी, की लिहून घेणाऱ्याचा हात थकावा. मुलाचे पाळण्यातले नाव वेंकटरामन. घरात त्याला सामिनाथन म्हणत, आणि गुरूने तेच नाव पुढे चालवले. त्या नावाने तो जगाला माहीत झाला. जेमतेम पाच वर्षांचा सहवास. १ फेब्रुवारी १८७६ रोजी गुरू गेले, तेव्हा शिष्य जवळ होता. पुढे जवळपास साठ वर्षांनी, स्वतः म्हातारा झाल्यावर, शिष्याने गुरूचे दोन भागांत चरित्र लिहिले. पूर्वज कोणाला म्हणायचे, या प्रश्नाला रक्ताशिवाय दुसरेही उत्तर असते, हे मला इथे पहिल्यांदा जाणवले.

१८८० मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ पंडिताची जागा रिकामी झाली. निवृत्त होणारे त्यागराज चेट्टियार हेही पिळ्ळैंचेच शिष्य. त्यांनी या तरुण गुरुबंधूचे नाव सुचवले. कायमची नोकरी, पंचविशीचे वय, भोवती मान देणारे विद्यार्थी. सगळे छान चालले होते.

त्याच वर्षी कुंभकोणमला सेलम रामस्वामी मुदलियार मुन्सफ म्हणून बदलून आले. २१ ऑक्टोबर १८८० या दिवशी स्वामिनाथ त्यांना शिष्टाचार म्हणून भेटायला गेले. मुन्सफांनी विचारले, काय काय शिकलात? यांनी भली मोठी यादी सांगितली. पुराणे, स्तोत्रकाव्ये, कोवै, अंतादी. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. एवढ्याने काय होते, असाच त्यांचा सूर. मग त्यांनी तीन नावे घेतली : जीवक चिंतामणी, सिलप्पदिकारम, मणिमेखलै. ही जुनी महाकाव्ये वाचलीत का? वाचणे सोडा, स्वामिनाथांनी ती नीट पाहिलीही नव्हती. त्यांच्या गुरूनेही ती शिकवली नव्हती.

दुसऱ्या एखाद्याने मुन्सफांना तऱ्हेवाईक ठरवून विषय सोडला असता. हे पुन्हा गेले. मुन्सफांनी चिंतामणीची एक हस्तलिखित प्रत हातात ठेवली आणि शिकवा म्हणाले. ती उघडली तेव्हा पंचाईत झाली. काव्य जैनांचे, कवी तिरुत्तक्कदेवर जैन मुनी, आणि वाचणारा शैव मठाच्या छायेत वाढलेला ब्राह्मण. शब्द कळत, पण मतलब लागेना. तेव्हा हा पंडित कुंभकोणमच्याच जैन घरांत जाऊन बसला. तिथे त्याला असे दिसले, की ज्या ग्रंथाचा शोध लागत नाही म्हणून आपण तळमळतो, तो इथे श्रद्धेने वाचला जातो आहे, त्याच्या समाप्तीचा उत्सव होतो आहे. चार गल्ल्या पलीकडे! पुढे मणिमेखलैच्या वेळी बौद्ध मत समजून घेण्यासाठी असाच दुसऱ्या एका विद्वानापुढे विद्यार्थी होऊन बसावे लागले.

ताडपत्र वाचणे म्हणजे काय, याची आपल्याला कल्पना नसते. लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, व्यंजनावरचा टिंब नाही. ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ सारखेच, आणि कवितेची ओळ कुठे संपून टीका कुठे सुरू होते तेही वाचणाऱ्यानेच ठरवायचे. वर कसर लागलेली, कडा तुटलेल्या. एका ग्रंथाच्या वीस-वीस प्रती मिळवायच्या, पाठ ताडून पाहायचे, टीकाकाराने ओझरता उल्लेख केलेली ओळ कोणत्या काव्यातली ते हुडकायचे. असे हुडकतानाच तिरुवावडुदुरै मठाच्या पोथ्यांत त्यांना संघकाळातले हरवलेले संग्रह सापडत गेले. आपल्याकडे राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावे धुंडाळली. हे त्याच जातीचे वेड, आणि दोघांचा काळही जवळपास एकच.

सगळीकडे पोथ्या मिळतच असे नाही. करिवलम्‌वंदनल्लूरच्या देवळात पोथ्यांचा ढीग आहे असे कळल्यावर मोठ्या आशेने गेले, तर तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले, की जीर्ण पोथ्या तुपात बुडवून होमात टाकाव्यात असे शास्त्र आहे, म्हणून टाकल्या. कोणी आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी जुनी पाने नदीला अर्पण केलेली. पापबुद्धीने कोणी काही केले नव्हते. भक्तीनेच सारे चालले होते, आणि म्हणूनच ते थांबवणे कठीण.

एक आठवण मात्र गोड आहे. ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात डोंगरातल्या मुली फुले गोळा करतात आणि कवी फुलांची नावे एकामागून एक सांगत जातो, शंभराच्या घरात. हस्तलिखितात नेमकी काही फुलांची नावे गळाली होती. तेवढ्या दोन-चार फुलांसाठी हा माणूस मठामठांतून फिरला आणि धर्मपुरमच्या मठात ते पान सापडले. मला वाटते, त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागले असेल.

चिंतामणी १८८७ मध्ये छापून झाली. छपाई मद्रासला, नोकरी कुंभकोणमला, पैसा आगाऊ वर्गणीदारांचा आणि उरलेला कर्जाचा. याफ्न्याचे दामोदरम पिळ्ळै, जे स्वतः जुने ग्रंथ छापण्यात थोर होते, त्यांनी चिंतामणीचे काम आपल्याकडे मागितले होते. थोडे डगमगून यांनी नकार दिला. मग १८८९ मध्ये पत्तुप्पाट्टु, १८९२ मध्ये सिलप्पदिकारम, १८९४ मध्ये पुरनानूरु आणि १८९८ मध्ये मणिमेखलै.

आता मामा-मास्तरांच्या भांडणाकडे वळू. पुरनानूरुच्या दुसऱ्याच कवितेत चेर राजा उदियन चेरलादन याची स्तुती आहे, की पाच जणांशी लढून शंभर जण पडेपर्यंत त्याने भाताला हात आखडला नाही. आता हा राजा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. तो कुरुक्षेत्रावर पंगत वाढायला कसा जाईल? काही अभ्यासक म्हणतात, हे युद्धातल्या मृतांच्या नावाने दिलेले अन्न असावे. सिलप्पदिकारमने तीच कीर्ती चेरांच्या पूर्वजाच्या नावे टाकली. चोळ राजांचे कवी तर त्यांना कबुतरासाठी मांस कापून देणाऱ्या शिबीच्या कुळात नेऊन बसवतात. आपल्या भोसल्यांनी शिसोदियांशी नाते सांगितले आणि १८०३ मध्ये सरफोजी राजांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कुळाचा इतिहास कोरवला. घराण्याच्या नावाची ही हौस सगळ्यांचीच.

पण त्याच संग्रहातली एक दुसरी कविता मला अधिक बोलकी वाटते. चोळ राजाने एका गरीब कवीला इतके दागिने दिले, की त्याच्या घरच्यांना ते कुठे घालायचे ते कळेना. बोटातले कानात, गळ्यातले कमरेला! कवी म्हणतो, सीतेने टाकलेले दागिने सापडल्यावर वानरांची झाली तशी ही गत. हा विनोद आहे, आणि ऐकणाऱ्यांना गोष्ट ठाऊक असल्याशिवाय विनोद होत नाही. म्हणजे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी तमिळ दरबारात रामकथा हसण्याइतकी घरची झाली होती. मामांनी राजाला कुरुक्षेत्रावर नेऊ नये आणि मास्तरांनी वानरांना तमिळ देशाबाहेर हाकलू नये, असे माझे मत. दोघांना सांगितले; दोघांनाही पटले नाही.

स्वामिनाथ अय्यर स्वतः या वादात फारसे पडले नाहीत. पुढे तमिळ देशात ब्राह्मण-ब्राह्मणेतर, आर्य-द्राविड अशी मोठी भांडणे पेटली आणि रामायणावर कडाडून टीका झाली. तमिळ अभिमानाला बळ मिळाले ते बरेचसे याच शैव ब्राह्मणाने छापलेल्या जैन, बौद्ध आणि संघकाव्यांतून. त्यांनी आपले पाठभेद, कवींची माहिती, राजांची सूची, शब्दांची सूची एवढेच दिले. एका जन्माला पुरेसे.

१९०३ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बदली झाली. १९०६ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी, १९३२ मध्ये विद्यापीठाची डॉक्टरेट. १९३७ मध्ये मद्रासच्या साहित्य संमेलनाला गांधीजी आले तेव्हा स्वागताध्यक्ष हेच होते. ट्रिप्लिकेनमधल्या घराला त्यांनी नाव दिले होते ‘त्यागराज विलास’, नोकरी मिळवून देणाऱ्या चेट्टियारांच्या आठवणीने. ते घर २०१२ मध्ये पाडले गेले. पोथ्या मात्र चेन्नईतच बेझंट नगरला, त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात मद्रास रिकामे होऊ लागले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या आजोबांना तिरुक्कळुकुन्ऱमला हलवले. तिथेच २८ एप्रिल १९४२ रोजी ते गेले. १९४० पासून ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात त्यांचे आत्मचरित्र क्रमशः येत होते. ते १८९९ सालापर्यंत आले होते. मणिमेखलै छापून नुकतेच वर्ष झाले होते.