चिजांचा कलेक्टर

कॅसेट म्हटलं की आमच्या मेसच्या टेबलावर लगेच दोन गट पडतात. सर लोक जुन्या आठवणींत हरवतात, आणि माझ्या वर्गातली मंडळी पेन्सिल घालून फिरवायची तीच ना ती, एवढं विचारून परत पोह्यांकडे वळतात. मी मात्र कॅसेट्स जमवते. त्याही दुकानात कधीच न मिळालेल्या! १९८० च्या आसपास टोकियो, बर्लिन अशा शहरांत काही वेडे लोक घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक आवाजांचे प्रयोग करून कॅसेटवर भरत, मोजक्या कॉप्या काढत आणि पोस्टाने एकमेकांना पाठवत. कंपनी नाही, जाहिरात नाही, रेडिओ तर नाहीच. मर्झबो या नावाने ओळखला जाणारा टोकियोचा मासामी अकिता असाच पुढे आला. त्याचं एक रेकॉर्डिंग मी रूमवर लावलं, तर रूममेट बाहेर कुठे वेल्डिंग चाललंय का ते बघून आली.

आपल्याकडचा अंडरग्राउंड प्रकार वेगळा आहे. खासगी मैफलीत कोणीतरी पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवायचा, मग त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं करत ते गाणं गावोगाव फिरायचं. प्रत्येक कॉपीत खरखर वाढत जाते, पण गवयाचा खाकरा आणि मागच्या कोणाची दाद जशीच्या तशी राहते. माझं घर रत्नागिरीला, मांडवीत. जेटीपासून चालत पाच मिनिटं. आमच्या भागात एका वयस्कर गृहस्थांकडे अशा दोनेकशे कॅसेट्स होत्या. ते ऐकवायचे प्रेमाने, चहाही द्यायचे, पण कॉपी कोणालाही नाही म्हणजे नाही. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ट्रंक उघडली. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोघांनी आपलं काम केलेलं. टेपवर पांढरी बुरशी, थर एकमेकांना चिकटलेले. डेकमध्ये घातल्या तेव्हा ऑक्साईड सुटून हेडवर आलं आणि आवाजाच्या जागी नुसता फरफराट. त्यात काय काय होतं हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर मला जमवणाऱ्या लोकांचीच चरित्रं वाचायचा नाद लागला. जमवलेलं राखायचं की वाटायचं? आणि जे आपलं नाहीच ते वाटायचा अधिकार कोणाला? या प्रश्नाशी अख्खं आयुष्य झुंजलेला एक मराठी माणूस मला सापडला. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांना त्याचं नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तेवढंही नसतं. आमच्या शाळेत पियानो होता, कॅरल्स होती, बाकी सगळी शांतता.

विष्णू नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला, गोकुळाष्टमीच्या दिवशी. घर मध्यमवर्गीय, गाण्याबजावण्याची परंपरा नाही. मुलगा लहानपणी बासरी वाजवायचा, पुढे वल्लभदासांकडे सतार शिकला. शिक्षण मात्र व्यवस्थित चालू. १८८५ ला बी.ए., १८८७ ला एलएल.बी., मग वकिली, त्यात काही काळ कराचीला. म्हणजे आपल्यासारखंच! डिग्री एका विषयाची आणि जीव दुसऱ्याच विषयात.

१८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. ही संस्था पारशी लोकांनी १८७० मध्ये काढलेली. तिथे चांगले गवई शिकवायला असत. रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं, अली हुसेन खाँसाहेबांकडून ख्याल, असं करत या तरुण वकिलाने शेकडो चिजा गळ्यात उतरवल्या. चीज म्हणजे बंदिश, रागाचं बांधलेलं गाणं. तिथेच त्यांच्या लक्षात आलं की एकच राग दोन गवई दोन तऱ्हेने गातात, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर नाही. उस्तादांनी असं सांगितलं, विषय संपला.

इथे मला उस्तादांची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. आज आपण त्यांना कंजूष म्हणतो. पण तेव्हा कॉपीराइट कुठे होता? घराण्याची खास चीज हेच त्यांचं पेटंट. ती दुसऱ्या गवयाने उचलली की दरबारातली आपली जागा गेली. म्हणून ती मुलाला द्यायची, फार तर जावयाला. चिजा हुंड्यात दिल्याच्या गोष्टी सांगतात त्या उगाच नाहीत. अडचण एवढीच की बाप मुलाला शिकवायच्या आत गेला, किंवा मुलाला गळाच नसला, तर ते गाणं संपलं. कायमचं. शिवाय संस्थानांचा पैसा आटत चालला होता आणि दरबारी गवयांच्या नोकऱ्याही त्याच वाटेवर होत्या.

१९०० मध्ये भातखंड्यांच्या पत्नी वारल्या. १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. यानंतर त्यांनी वकिली सोडली. यावर मी जास्त काही लिहीत नाही. पण पुढची तीस वर्षं हा माणूस ज्या झपाट्याने फिरला, ते वाचताना हे दोन आकडे सारखे आठवतात.

फिरणं म्हणजे नुसतं पर्यटन नव्हे. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले. तिथे एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. हे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले, म्हातारे झालेले विद्वान. गंमत बघा, याच १९०४ साली दीक्षितरांनी आपल्या घराण्याचं सगळं धन स्वरलिपीसकट तेलुगूत छापून टाकलं होतं. घरातली तिजोरी आपल्या हाताने उघडणारा माणूस भातखंड्यांनी डोळ्यांनी पाहिला! व्यंकटमखींचा सतराव्या शतकातला चतुर्दंडिप्रकाशिका हा ग्रंथ त्यांना याच प्रवासात मिळाला. त्यात बहात्तर मेळांची पद्धत होती. सा आणि प कायम ठेवून बाकीच्या स्वरांची जेवढी कॉम्बिनेशन्स बसतात तेवढे साचे. आपल्या मॅथ्सच्या भाषेत शुद्ध कॉम्बिनेशन. त्यावरूनच पुढे भातखंड्यांनी उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट ठरवले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. बहात्तर का नाही? कारण उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग दहांत बसवता येत होते. आधी डेटा, मग मॉडेल.

मग १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता. १९०८ मध्ये उत्तर हिंदुस्थान. बरोबर प्रश्नांची यादी आणि डायरी. पंडित किंवा खाँसाहेब समोर बसले की वकीलसाहेबांची उलटतपासणी सुरू. या रागात हा स्वर का, याला आधार कोणता, ग्रंथ वाचलाय का... बरेच जण वैतागले असणार. मला तर व्हायव्हाच आठवली. त्यांच्या डायऱ्यांत कधी कधी न शिकलेल्या गवयांबद्दल जी चीड दिसते ती मला आवडलेली नाही. ज्या माणसाच्या गळ्यात दीडशे वर्षं जुनी चीज जिवंत आहे, त्याला संस्कृत येतं की नाही याने काय फरक पडतो?

पण हाच माणूस चिजेसाठी किती वाकायचा तेही बघा. रामपूरला वझीर खाँ होते, तानसेनांच्या वंशातले बीनकार. त्यांच्याकडचं गाणं बाहेर पडणं कठीण. तिथले नवाब हमीद अली खाँ स्वतः वझीर खाँचे शिष्य. भातखंडे साठीकडे झुकलेले, ग्रंथ लिहिलेले, नावलौकिक मिळवलेले, तरीही त्यांनी नवाबांचा गंडा बांधून घेतला. रीतसर शागीर्द झाले, आणि मग ते दार उघडलं.

आता माझ्या आवडीचा भाग. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग परंपरेतले गवई. त्यांच्याकडच्या आणि त्यांच्या मुलांकडच्या सुमारे तीनशे चिजा भातखंड्यांनी मिळवल्या, आणि त्यासाठी फोनोग्राफ वापरला! एडिसनने ते यंत्र १८७७ मध्ये केलं. कलकत्त्यात गौहरजान यांचं रेकॉर्डिंग १९०२ मध्ये झालं. पण तो धंदा होता, कंपनीने ठरवलेली गाणी. भातखंडे करत होते ते होम रेकॉर्डिंग. भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाने पडदा थरथरतो, त्याला जोडलेली सुई मेणाच्या नळीवर चर पाडते. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. एका नळीवर दोन मिनिटं, १९०८ नंतरच्या नळ्यांवर चार. अख्खा ख्याल मावणं अशक्य, पण स्थायी आणि अंतरा नक्की मावतो. आणि प्रत्येक वेळी ऐकताना सुई मेण थोडं थोडं झिजवते. म्हणजे जितकं ऐकाल तितकं पुसट होत जाणार. कॅसेटपेक्षाही वाईट!

म्हणून खरा बॅकअप कागदावर. त्यांची स्वरलिपी मी एका संध्याकाळी शिकले, इतकी ती सोपी आहे. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, म वर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्र, वर टिंब तार. एका मात्रेत जास्त स्वर असतील तर खाली कमान. समेला गुणिले, खालीला शून्य. आपल्या छापखान्यात असलेल्या खिळ्यांत सहज बसेल अशी. याच काळात विष्णू दिगंबर पलुस्करांनीही स्वतःची लिपी केली होती. तिच्यात खुणा जास्त, बारकावे जास्त. लोकांनी उचलली ती मात्र भातखंड्यांची.

सोपेपणाची किंमत आहेच. मींड, आंदोलन, स्वराला नुसता स्पर्श करून सोडणं, यातलं बरंचसं त्या चौकटीत येत नाही. कमी सॅम्पलिंग रेटने घेतलेल्या सिग्नलसारखं. नंतरच्या अनेक गवयांनी तक्रार केली की छापलेली चीज म्हणजे सांगाडा, आणि काही चिजांचे शब्दही बिघडलेले आहेत. तक्रार खरी आहे. पण त्यांच्याही शिष्यांच्या पिशवीत ती पुस्तकं असायचीच.

पुस्तकांचा प्रकारही मजेशीर. १९१० च्या सुमारास संस्कृतात श्रीमल्लक्ष्यसंगीतम् लिहिलं, त्यावर नाव चतुर पंडित. मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार मोठे खंड लिहिले, तिथे विष्णुशर्मा. गुरुशिष्यांच्या संवादात लिहिलेत, आणि मधूनच विष्णुशर्मा चतुर पंडिताचं मत आदराने सांगतो. दोन्ही तेच! टोपणनावाने कॅसेट काढणाऱ्या टोकियो-बर्लिनच्या पोरांना हे आवडलं असतं. जमवलेल्या चिजा आल्या त्या क्रमिक पुस्तकमालिकेत. सहा भाग, सुमारे १८०० चिजा. ज्यासाठी गंडा बांधला, ते कोणीही विकत घेऊन घरी गावं.

मग ही चोरी का? मी यावर बराच विचार केला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांतल्या काहींची नावं त्यांनी सांगितली, काहींना पैसेही दिले. पण पुस्तक आलं आणि खाँसाहेबांचा वरचष्मा गेला. क्लासात मास्तर लागला, उस्ताद नाही. मुसलमान गवयांच्या घरातलं धन मध्यमवर्गीय हिंदू शिक्षकांच्या हातात गेलं, असं अलीकडच्या अभ्यासकांनी लिहिलंय, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. तरी माझं मत देते : बुरशी लागलेल्या ट्रंकेपेक्षा छापलेला सांगाडा बरा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं देणं मात्र फिटत नाही.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. आपल्या ब्रँचला आवडेल असा एक प्रयोग तिथे चर्चेत होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडून श्रुती-हार्मोनियम तयार करवली होती. प्रत्येक श्रुतीची कंपनसंख्या ठरलेली. भातखंड्यांना ते पटलं नाही. गवई गाताना स्वर अशा ठरीव आकड्यावर धरतो हे त्यांना मान्य नव्हतं. यंत्र वापरणारा माणूस यंत्राच्या विरुद्ध उभा! पण मला त्यात विसंगती वाटत नाही. फोनोग्राफ गवयाचं ऐकून घेत होता, हार्मोनियम गवयाला सांगायला निघाली होती.

पुढच्या परिषदा दिल्ली, बनारस, लखनौ इथे झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. त्याचे प्राचार्य पुढे त्यांचेच शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर झाले. आज तिथे भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे.

१९३३ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. तीन वर्षं अंथरुणात गेली, आणि १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी ते गेले. क्रमिक पुस्तकमालिकेचं काम तेव्हा पुरं व्हायचं होतं. शेवटचा, सहावा भाग १९३७ मध्ये बाहेर आला.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स