प्रांताची तिजोरी आणि महाडचे तळे

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या तळ्यावरून पुढे जो दिवाणी दावा दहा वर्षे चालला, त्याचे अपील ठाण्याच्या न्यायालयात चालले होते, याची आठवण मात्र खुद्द ठाण्यातही क्वचितच काढली जाते. दाव्यातील पहिले प्रतिवादी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. तळे कोणाच्या मालकीचे, आणि नगरपालिकेच्या ताब्यातील पाण्यापासून रूढीच्या आधारे कोणाला दूर ठेवता येईल काय, हा वादाचा विषय होता. घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे नेते म्हणून बाबासाहेबांचे नाव घरोघरी पोहोचले आहे. राज्यकारभाराच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर सत्ता आणि पैसा यांची वाटणी कशी होते, याचा आयुष्यभर अभ्यास करणारे प्राध्यापक आंबेडकर मात्र त्या मानाने अपरिचित राहिले आहेत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आंबेडकर १९१२ साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला जाऊन त्यांनी अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत या उच्चविद्याविभूषित तरुणाला राहण्यापुरती जागादेखील मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले आणि अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण केले.

ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विषय वरवर रूक्ष. पण त्यातील प्रश्न मूलगामी आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने सर्व तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. खर्च प्रांतांनी करावा आणि पैसा कलकत्त्याने पुरवावा, अशी व्यवस्था झाली. ज्याला पैसा उभारावा लागत नाही त्याला काटकसरीची निकड वाटत नाही. आणि ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याला गरजेची जाणीव नसते. लॉर्ड मेयो यांच्या योजनेप्रमाणे १८७१ पासून पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे आली. १८७७ पासून उत्पन्नाच्या काही बाबी आणि १८८२ पासून महसुलातील वाटा त्यांना मिळू लागला. या सर्व टप्प्यांची छाननी करून आंबेडकरांनी दाखवून दिले, की ही वाटणी दिसायला विकेंद्रीकरणाची असली तरी प्रांत हे मध्यवर्ती सरकारचे हस्तकच राहिले होते. दिलेले अधिकार परत घेण्याची मुभा देणाऱ्याकडेच होती. जनतेला जबाबदार नसलेले सरकार नवे कर बसविण्यास आणि अन्यायी सामाजिक रूढींना हात घालण्यास सारखेच कचरते, हाही त्यांच्या विवेचनाचा एक मथितार्थ होता.

या निष्कर्षाचा पडताळा त्यांना लवकरच एका छोट्या नगरपालिकेत आला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. सवर्णांचा क्षोभ झाला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. प्रांतिक कायदेमंडळाची इच्छा गावच्या वेशीवर अडली. डिसेंबरात दावा दाखल झाला. महाड, ठाणे आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय, अशा तिन्ही ठिकाणी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा आहे. तळे खाजगी असल्याचा दावा टिकला नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचेही सिद्ध झाले नाही.

सत्ता लोकांच्या जितकी जवळ तितकी ती न्यायी, हे गृहीतक बाबासाहेबांनी का नाकारले, याचे उत्तर या अनुभवात आहे. १९२९ साली सायमन कमिशनच्या निमित्ताने सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक कायदेमंडळापुढे आले तेव्हा प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा यांवाचून पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनेचा मसुदा मांडतानाही ग्रामसंस्थेचा गौरव त्यांनी मान्य केला नाही. मात्र पंचायतींविषयीचे मार्गदर्शक तत्त्व घालण्याची दुरुस्ती त्यांनी त्याच महिन्यात स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम. केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटणीसाठी वित्त आयोगाची तरतूदही याच घटनेत आली. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी मोठी राज्ये लहान करावीत, असा आग्रह धरला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९३२ साली त्यांनी घातलेल्या अटी घटनेत येण्यास साठ वर्षे लागली. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांत थेट निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा आणि राज्य वित्त आयोग यांची तरतूद केली. प्रतिनिधित्वाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. तिजोरीचा मात्र सुटला नाही. ठाणे महापालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली स्थापन झाली. या शहरांचा मोठा आधार असलेली जकात गेली आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होताच संपला. त्याबदल्यात राज्य सरकारकडून भरपाईचे अनुदान मिळते. वरून ठरावीक रक्कम घेऊन खाली खाती चालविण्याची १८७१ ची रीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ओळखू यावी. कल्याण-डोंबिवलीत २०२० साली आणि ठाण्यात २०२२ साली लोकनियुक्त सभागृहांची मुदत संपली. त्यानंतर काही वर्षे दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे घटना सांगते. तरीही लाखो करदात्यांच्या या शहरांत खर्चाचा जाब विचारण्यासाठी निवडून दिलेला नगरसेवक उरला नव्हता.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचा उपयोग केवळ जयंतीच्या भाषणांपुरता नाही, तो यासाठी. तळे नगरपालिकेचे आहे एवढे सिद्ध होऊन भागत नाही. ती नगरपालिका कोणाची, तिच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे आणि तिचा हिशेब कोणी मागावयाचा, हे प्रश्न त्यानंतरही उरतात. प्रांतांच्या जमाखर्चाची पाने चाळणाऱ्या प्राध्यापकाने ते एका शतकापूर्वी विचारले होते. नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या डोंबिवलीच्या किंवा दिव्याच्या रहिवाशाला आज तेच विचारावे लागत आहेत.