भास्कराचार्य (द्वितीय)

हा लेख बाराव्या शतकातील, सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्य यांच्याविषयी आहे. सातव्या शतकातील त्याच नावाचे गणितज्ञ भास्कर (प्रथम) हे भिन्न व्यक्ती आहेत.

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे मध्ययुगीन भारतातील थोर गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. लीलावती आणि बीजगणित हे त्यांचे ग्रंथ अनेक शतके भारतीय गणिताच्या अध्ययनाचा पाया राहिले. त्यांच्या नावापुढील ‘द्वितीय’ हा शब्द आधुनिक इतिहासकारांनी जोडला आहे. ते स्वतः किंवा त्यांचे टीकाकार तो वापरत नसत.

समान नावाच्या व्यक्ती

भास्कर म्हणजे सूर्य. ज्योतिषाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यांत हे नाव प्रिय असणे स्वाभाविक होते. खुद्द भास्कराचार्यांच्या पूर्वजांतही भास्करभट्ट नावाचे एक विद्वान होऊन गेले, व त्यांना भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळाल्याचे त्यांच्या वंशजांच्या शिलालेखात नमूद आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो भास्कर (प्रथम) यांच्याशी. त्यांनी इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले, तसेच महाभास्करीय व लघुभास्करीय हे ग्रंथ रचले. ते आर्यभटाच्या परंपरेतील, तर भास्कराचार्य मुख्यतः ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील होत. दोघांमध्ये सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे. ज्या (साइन) या फलाचे स्थूल मान कोष्टकाशिवाय काढण्याचे प्रसिद्ध सूत्र महाभास्करीयात आहे. त्याच स्वरूपाचा, वर्तुळातील जीवा काढण्याचा नियम लीलावतीतही आढळतो. त्यामुळे या सूत्राचे श्रेय अनेकदा चुकीच्या भास्कराला दिले जाते. बिभूतिभूषण दत्त यांनी १९३० मध्ये दोन्ही भास्करांवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि कृपाशंकर शुक्ल यांनी भास्कर (प्रथम) यांचे ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केले. त्यानंतर हा भेद अभ्यासकांत दृढ झाला.

याच नावाच्या इतर व्यक्तींत ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदवादी भाष्य लिहिणारे वेदान्ती भास्कर, शिशुपालवध या मराठी काव्याचे कर्ते महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर, आणि ललितासहस्रनामावरील सौभाग्यभास्कर या टीकेचे कर्ते भास्करराय यांचा समावेश होतो. भारताने १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या उपग्रहांनाही भास्कर हे नाव दिले गेले. त्यांच्या नावांतील १ व २ हे अंक मात्र प्रक्षेपणाचा क्रम दर्शवितात.

जन्म व कुल

भास्कराचार्यांनी आपल्याविषयीची मोजकी माहिती गोलाध्यायाच्या शेवटी स्वतःच दिली आहे. त्यानुसार त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यांचे गोत्र शांडिल्य होते. सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव होय. हे गाव नेमके कोणते याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण मानतात, तर काहींच्या मते ते विजापूर किंवा बीड होय. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते.

पाटण येथील शिलालेख

भास्कराचार्यांच्या घराण्याविषयीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा पाटण येथील भवानीच्या मंदिरातील शिलालेखात मिळतो. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये आपल्या निबंधातून त्याची माहिती विद्वानांपुढे मांडली. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत या कुळाची वंशावळ दिली आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले, तर लक्ष्मीधराचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे प्रमुख ज्योतिषी झाले. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून चांगदेवांनी तेथे मठ स्थापन केला. त्याला निकुंभ घराण्यातील स्थानिक सामंतांनी दान दिले. हे दान साधारण इ.स. १२०७ चे आहे. एका व्यक्तीच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी उभारलेली अशी संस्था त्या काळात विरळाच म्हणावी लागेल.

भास्कराचार्य उज्जैन येथील वेधशाळेचे प्रमुख होते असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. त्याला त्यांच्या ग्रंथांत किंवा या शिलालेखात आधार मिळत नाही.

ग्रंथरचना

सिद्धान्तशिरोमणीचे लीलावती (अंकगणित व भूमिती), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग मानले जातात. ग्रहगणित व गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले. त्यात नियमांमागील उपपत्ती स्पष्ट केल्या आहेत. करणकुतूहल हा पंचांगगणितासाठीचा सोपा ग्रंथ असून त्याचा आरंभकाल शके ११०५ (इ.स. ११८३) आहे. लल्लाच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथावरही त्यांनी विवरण लिहिले.

गणित व ज्योतिषातील कार्य

बीजगणितात त्यांनी ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण मान्य केले आहे. वर्गप्रकृती या प्रकारच्या समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढणारी चक्रवाल पद्धती त्यांनी सविस्तर मांडली. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवल्यास पूर्ण वर्ग कधी येतो, हे त्यातील प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा असतो. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये हेच उदाहरण युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले. चक्रवाल पद्धतीचे मूळ मात्र त्यांच्याही आधीच्या जयदेव या गणितज्ञापर्यंत जाते.

शून्याने भागलेल्या राशीस त्यांनी खहर म्हटले आणि तिला अनंत मानले. ग्रहगणितात ग्रहाची एका दिवसाची सरासरी गती आणि त्या क्षणाची तात्कालिक गती यांत त्यांनी भेद केला. आधुनिक विकलनाशी हा विचार जुळतो, मात्र त्यावरून संपूर्ण कलनशास्त्र त्यांनी मांडले होते असे म्हणता येत नाही. पृथ्वी निराधार असून तिच्या आकर्षणाने जड वस्तू तिच्याकडे येतात असेही ते सांगतात. या आकर्षणाचे परिमाण ठरविणारा नियम त्यांनी दिलेला नाही, आणि पृथ्वीला ते स्थिरच मानतात.

लीलावतीची आख्यायिका

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती व घटिकापात्रात मोती पडल्यामुळे तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा सर्वपरिचित आहे. ती फैजीने अकबराच्या आज्ञेवरून १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते, म्हणजे ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. मूळ ग्रंथातील उदाहरणे कधी बालिकेला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला उद्देशून आहेत. पाटणच्या शिलालेखात लीलावती नावाच्या कन्येचा उल्लेख नाही. त्यामुळे ही कथा लोकप्रिय असली तरी चरित्राचा पुरावा म्हणून ती स्वीकारता येत नाही.

प्रसार व प्रभाव

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. कृष्ण दैवज्ञ यांनी बीजगणितावर, तर मुनीश्वर यांनी सिद्धान्तशिरोमणीवर टीका केली. शाहजहानच्या काळात बीजगणिताचे फारसी भाषांतर झाले. लीलावतीचे जॉन टेलर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले. पुढील वर्षी कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित या दोहोंचे भाषांतर प्रसिद्ध केले. काशीतील मराठी विद्वान बापूदेव शास्त्री यांनी गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रकाशात आणण्यास हातभार लावला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्र या मराठी ग्रंथातही भास्कराचार्यांच्या कार्याचे विवेचन आहे.