नांगरामागचा चित्रकार

बी. ए. द्वितीय वर्ष

हाती घेतलेली गोष्ट मध्येच सोडून दुसरी धरणाऱ्या माणसाला आपल्याकडे फारशी किंमत नाही. मुलगा असेल तर त्याला धरसोड्या म्हणतात. मुलगी असेल तर तिचे चित्त थाऱ्यावर नाही असे ठरवून तिच्या लग्नाचे बघायला लागतात. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण तर घरोघरी तोंडपाठ असते. परंतु ज्यांचे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या नांगराला जोडून घेतले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर अशीच धरसोड करीत पुढे गेले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कारखानदार म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यांच्या हातून सुटलेल्या छंदाविषयी.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही मूळचे याच गावचे. मराठीच्या तासाला किर्लोस्कर म्हटले की आपल्याला नाटक आठवते, आणि माझ्या वडिलांना नांगर आठवतो. एका लहानशा गावाने या दोन्ही गोष्टी द्याव्यात याचे मला फार नवल वाटते.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. यंत्रांचा नाद बाजूला ठेवून त्याने चित्रकला निवडली आणि १८८५ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. वडिलांना हे पसंत नव्हते. चित्रे काढून कोणाचे पोट भरते, हा त्या काळच्या बापाचा प्रश्न होता आणि आजच्या बापाचाही आहे. थोरले बंधू रामचंद्रराव, ज्यांना सगळे रामुअण्णा म्हणत, त्यांनी मधे पडून धाकट्या भावाची बाजू घेतली आणि दरमहा पैसे पाठवण्याचे पत्करले. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

दोन वर्षे गेली आणि एक विपरीत गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच ओळखू येत नव्हता. डोळ्यांचा हा दोष जन्मजात असतो आणि औषधाने बरा होत नाही. ज्याला हा दोष असतो त्याला तो पुष्कळदा स्वतःला कळतही नाही, कारण इतरांना कसे दिसते हे त्याने कधी पाहिलेले नसते. रेघ सुरेख, प्रमाण नेमके, छायाप्रकाशाची जाण चांगली, आणि रंगाच्या वाटीपाशी आले की घात! अठरा वर्षांच्या मुलाला काय वाटले असेल? वडिलांची मर्जी मोडून, भावाच्या पैशावर तो मुंबईत आला होता. आळशीपणाने सुटलेला छंद पुन्हा धरता येतो. हा परत धरण्याचा मार्गच बंद झाला होता.

इथून पुढे त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी चित्रकला सोडली, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले. यंत्राचे चित्र काढताना रंगाशी संबंध येत नाही. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते हे तीन वेगवेगळ्या आकृत्यांत मापाने काढायचे, मधून कापली तर आत काय दिसेल तेही दाखवायचे. निसर्गचित्रात झाडाची फांदी बोटभर इकडेतिकडे झाली तरी चालते. येथे केसभर चूक झाली तर चाक फिरत नाही. या विषयात ते इतके तयार झाले की मुंबईत नव्यानेच, १८८७ साली, निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथल्या कार्यशाळेत त्यांनी वाफेची इंजिने जवळून पाहिली, यंत्रे खोलली आणि पुन्हा जोडली. लहानपणी मागे टाकलेला दुसरा नाद असा पुन्हा हाताला लागला.

येथे थोडे विषयांतर करते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी शाळेत असताना दिल्या आहेत. पुढे कॉलेजला येजा सुरू झाली, एस.टी.चा पास आणि पुस्तके यांतून रंगांच्या पेटीला पैसे उरेनात, आणि चित्रे मागे पडली. हल्ली मला शब्द गोळा करण्याचा नाद लागला आहे. शेतीच्या अवजारांच्या भागांची नावे मी वहीत उतरवून घेते. रुमणे, हाळस, फाळ, जू, शिवळ, येठण अशी दोन पाने नुसत्या नांगराची झाली आहेत. शब्दाशेजारी त्या भागाची आकृती काढायची सवय लागली आहे, त्यामुळे पेन्सिल अजून हातात येते. लक्ष्मणरावांचे चरित्र मी हाती घेतले ते या नांगरामुळेच.

तर पुन्हा मुंबईकडे. त्या काळी सायकल ही साहेब लोकांची आणि श्रीमंतांची वस्तू होती. लक्ष्मणरावांना तिने मोहिनी घातली. ते मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत आणि बेळगावला रामुअण्णा त्या विकत. नुसती सायकल विकून भागत नसे, ती चालवायलाही शिकवावी लागे. किर्लोस्कर ब्रदर्स ही संस्था आपला जन्म १८८८ सालापासून धरते, तो या सायकलींच्या व्यापारापासून. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा हिंदी माणूस म्हणून त्यांना डावलण्यात आले आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले. येथे कोणी म्हणेल, आणखी एक सोडले! सोडलेच. पण प्रत्येक वेळी मागच्या कामातले काही ना काही ते बरोबर घेऊन निघत.

बेळगावजवळ त्यांनी छोटी कार्यशाळा काढली. पहिली वस्तू तयार केली ती कडबा कापण्याचे यंत्र. नंतर १९०३ साली लोखंडी नांगर आला. या नांगराचे महत्त्व काळ्या जमिनीच्या माणसाला वेगळे सांगायला नको, परंतु आपल्या महाविद्यालयात शहरातलेही विद्यार्थी आहेत म्हणून थोडे लिहिते. लाकडी नांगर जमीन उकरतो, ती उलटी करीत नाही. आमच्याकडच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. वरून कितीही कुळव फिरवला तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळलेला पत्रा असतो. तो मातीचे ढेकूळ उचलून कुशीवर पालथे घालतो, खालची मुळे वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. या वळणातच त्या नांगराची सगळी करामत आहे. वळण थोडे अधिक झाले तर बैलांना ओढवत नाही, कमी झाले तर माती पडत नाही. ही बाक मी आमच्या जुन्या नांगरावर हात फिरवून पाहिली आहे. कागदावर ती काढायला गेले तेव्हा तीन कागद फुकट गेले. ज्या हाताने हे वळण बसवले तो चित्रकाराचा हात होता, हे मला त्या वेळी पटले.

शेतकऱ्यांना मात्र ते लवकर पटले नाही. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. आज आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसू नये असे मला वाटते. ज्याचे वर्षाचे धान्य एका पावसावर अवलंबून आहे, तो नव्या अवजाराची परीक्षा आपल्या रानात कशाला घेईल? शिवाय हा नांगर जड. एका बैलजोडीचे ते काम नव्हे, दोन-तीन जोड्या लागत. आमच्या घरी चार एकर रान आणि एकच जोडी होती. आजोबांनी बार्शीच्या बाजारातून लोखंडी नांगर आणला तेव्हा भावकीतल्या तिघांनी बैलांची सावड केली, मगच तो रानात चालला, असे आजी सांगते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आता आमच्या शिवारात नांगरट ट्रॅक्टरने होते आणि तो नांगर गोठ्यामागे उभा आहे.

बेळगावला धंद्याचा जम बसत होता तोच शहराच्या वाढीसाठी जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. माळ कसला, फड्या निवडुंगाचे आणि सापांचे राज्य होते ते. १९१० साली थोडे कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले, आणि त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. वाडीत शिवाशीव पाळली जात नसे. रात्रीच्या राखणीला तर पूर्वी चोरी-दरोड्यात नाव झालेली माणसे नेमली होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले.

औंधच्या या राजाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ते स्वतः चित्रकार होते. त्यांच्या आश्रयाला पुढे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आले, तेही जे. जे.चे विद्यार्थी. चांगली चालणारी चित्रकला आणि छायाचित्रांचा व्यवसाय सोडून त्यांनी वेदांच्या अभ्यासाला वाहून घेतले. खुद्द किर्लोस्करांच्या घरात लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव सातवळेकरांकडे चित्रकला शिकले होते. ते किर्लोस्करवाडीला आले आणि नांगराच्या जाहिराती करू लागले. त्यातूनच १९२० साली किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले, मग १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर. कुंचला खाली ठेवलेली इतकी माणसे एवढ्याशा संस्थानात एकत्र आली, आणि त्यांतला एकही रिकामा बसला नाही.

आता रामुअण्णांकडे वळते. लक्ष्मणराव मुंबईत चित्रकला शिकत होते तेव्हा पैसे कोणी पाठवले? रामुअण्णांनी. ती सोडून ते यंत्रांकडे वळले तेव्हा गेलेल्या दोन वर्षांचा हिशेब मागितला नाही तोही त्यांनीच. बेळगावचे दुकान त्यांनी सांभाळले. पुढे किर्लोस्करवाडीचे पाणी, स्वच्छता, वस्तीची सारी व्यवस्था त्यांच्या अंगावर होती. छंद बदलण्याची मोकळीक ही मनाची गोष्ट आहे असे आपण निबंधात लिहितो. माझा अनुभव असा की ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. माझ्या दादाला कुस्तीचा नाद होता. पहाटे तालमीत जाणारा आणि जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्या मारणारा दादा दहावीनंतर शेतावर राहिला, कारण वडिलांची कंबर गेली होती. त्याने सोडलेल्या नादाच्या जागी दुसरा नाद आला नाही, चार एकर रान आले. माझा पास, माझी फी त्यातूनच निघते. मी चित्रे सोडून शब्दांच्या मागे लागले तेव्हा त्याने काही विचारले नाही. उलट जू आणि शिवळ यांतला फरक त्यानेच मला दाखवला, आणि येठण म्हणजे काय हे सांगताना दोरी आणून बांधून दाखवली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तिकिटावर ते एकटेच आहेत. कारखान्याच्या नावात मात्र ब्रदर्स हा शब्द आहे, आणि त्या शब्दात बेळगावच्या दुकानात लोकांना सायकली विकणारे रामुअण्णाही येतात.