जॅक जॅक्सन : वाद्यवृंदातून नभोवाणीकडे

ब्रिटिश नभोवाणीवर गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका सादर करण्याची रीत बदलणारे जॅक जॅक्सन हे मूळचे ट्रम्पेटवादक. त्यांचा जन्म १९०६ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात बेल्व्हेडिअर येथे झाला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतल्यावर ते जॅक हिल्टन यांच्या नामांकित नृत्यवाद्यवृंदात दाखल झाले. १९३३ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात तो काही वर्षे गाजला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा वाद्यवृंदांची सद्दी ओसरू लागली. जॅक्सन यांनी मात्र काळाची पावले ओळखून ध्वनिक्षेपक जवळ केला. १९४८ मध्ये बीबीसीवर त्यांचा रेकॉर्ड राउंड-अप हा कार्यक्रम सुरू झाला. तोवर निवेदक गाण्याचे नाव सांगून बाजूला होत असे. जॅक्सन यांनी दोन गाण्यांच्या मध्ये विनोदी ध्वनिमुद्रणांतील तुकडे अशा खुबीने पेरले की, ते त्यांच्याशीच संवाद साधत आहेत असे वाटे. क्षणभराचीही चूक झाली तर विनोद फसणार, अशा या खेळात वादकाची तालाची जाण कामी आली.

केनी एव्हरेट यांच्यासारख्या पुढील पिढीतील निवेदकांवर या शैलीचा प्रभाव पडला. १९७८ मध्ये जॅक्सन यांचे निधन झाले.