इथे राहणारे आश्रित नाहीत, पाहुणे आहेत : व्हर्डींनी बांधलेल्या वृद्धाश्रमाची गोष्ट

जुझेप्पे व्हर्डी म्हणजे 'रिगोलेत्तो', 'ला त्राव्हियाता', 'आयडा' या ऑपेरांचे इटालियन संगीतकार. १८१३ साली एका खेड्यात खानावळवाल्याच्या घरी जन्मले आणि संगीताच्या जोरावर मोठे जमीनदार झाले.

बाकीच्या कलावंतांचं असं नव्हतं. आवाज गेला, बोटं थरथरायला लागली की काम बंद. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या माणसांवर म्हातारपणी हात पसरायची वेळ यायची.

१८८८ मध्ये व्हर्डींनी आपल्या गावाकडे एक दवाखाना सुरू केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या कानावर आलं की रुग्णांना जेवण पोटभर मिळत नाही आणि दूधही धड नसतं. त्यांनी कारभाऱ्यांना खरमरीत पत्र धाडलं. इमारत बांधून दिली की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यातले ते नव्हते.

१८८९ मध्ये त्यांनी मिलान शहरात जागा घेतली, ती म्हाताऱ्या गायक-वादकांच्या घरासाठी. वास्तुरचना कामिल्लो बोइतो यांची, पण बारीकसारीक गोष्टींत व्हर्डींचं लक्ष. ६० पुरुष आणि ४० बायका राहतील अशी सोय ठरली. अनाथालयासारखे लांबच लांब हॉल त्यांना नको होते, म्हणून दोघा-दोघांच्या खोल्या केल्या. रात्री एकाला बरं वाटेनासं झालं, तर दुसरा हाकेच्या अंतरावर. आज कुणी म्हणेल, स्वतंत्र खोली का नाही? प्रश्न रास्त आहे. पण गरिबांना ओळीने खाटा टाकून झोपवायच्या त्या जमान्यात हेही पुष्कळ होतं.

त्याहून मोठी गोष्ट शब्दाची. इथे राहणाऱ्यांना आश्रित म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. आश्रिताला मिळेल ते गोड मानून घ्यावं लागतं, पाहुण्याला मात्र काय हवं-नको ते विचारावं लागतं.

इमारत १८९९ मध्ये तयार झाली, तरी व्हर्डींनी आपल्या हयातीत ती उघडू दिली नाही. लोकांनी येऊन आभार मानत बसावं, हे त्यांना नको होतं. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. पहिले पाहुणे १० ऑक्टोबर १९०२ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, राहायला आले. खर्चासाठी व्हर्डींनी आपल्या ऑपेरांची रॉयल्टी लिहून ठेवली होती.

रॉयल्टी केव्हाच थांबली, घर मात्र चालू आहे. आता तिथे संगीत शिकणारी तरुण मुलंही राहतात. व्हर्डी आणि त्यांची पत्नी जुझेप्पिना यांची समाधी त्याच आवारात आहे.